लॉगआउटनंतर फोनमध्ये काय उरतं?

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एकच फोन आई, वडील आणि मुलं यांच्यात दिवसभर फिरू लागला. टाळेबंदी संपली, पण फोन वाटून वापरणं संपलेलं नाही. किराणा दुकानाच्या गल्ल्यावरचा फोन मालक आणि नोकर दोघंही हाताळतात. दवाखान्यातला टॅब सकाळच्या पाळीची नर्स संध्याकाळच्या पाळीच्या नर्सकडे सोपवते. दोन-तीन वर्षांनी तोच फोन एक्स्चेंजमध्ये जातो, धाकट्या भावाला मिळतो किंवा जुन्या मोबाइलच्या बाजारात विकला जातो. फोन असा हातोहात जाताना माणसाचा भरवसा बहुतेक वेळा एकाच बटणावर असतो, ते म्हणजे लॉगआउट.

बटण दाबलं, लॉगिनचा पडदा परत आला, की आपलं सगळं आवरलं गेलं असं आपण मानतो. पण तो पडदा आणून दाखवणं हा लॉगआउटमधला सगळ्यांत सोपा भाग आहे. खरं काम त्याच्यामागे असतं, आणि ते किती झालं, किती राहिलं हे वापरणाऱ्याला पडद्यावरून कळत नाही. ॲप बनवणाऱ्या मंडळींचा सगळा जीव लॉगिनवर असतो. ओटीपी लवकर यावा, बोटाचा ठसा पटकन ओळखला जावा, नवा ग्राहक दारातूनच परत जाऊ नये, यासाठी महिनोन्‌महिने खपलं जातं. लॉगआउट मात्र यादीत शेवटी येतं आणि बऱ्याचदा घाईत उरकलं जातं. हा क्रम मला चुकीचा वाटतो. का ते समजायला आधी लॉगिनच्या वेळी काय घडतं ते पाहावं लागेल.

इंटरनेटवर मागणी आणि उत्तर यांची देवाणघेवाण ज्या पद्धतीने होते, त्या एचटीटीपीला स्वतःची आठवण नसते. दोन मिनिटांपूर्वी आलेला माणूस आणि आत्ता आलेला माणूस एकच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. यावर नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीचा तोडगा काढला. सर्व्हरने ब्राउझरकडे एक छोटी खूण ठेवायला द्यायची आणि ब्राउझरने ती दर वेळी परत दाखवायची. मोबाइल ॲप आज हेच काम टोकनने करतं. तुम्ही पासवर्ड किंवा ओटीपी एकदाच देता. त्याच्या बदल्यात सर्व्हर अक्षरं आणि अंकांची एक लांबलचक माळ देतो, ॲप ती फोनमध्ये जपून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर पाठवतं. बहुतेक ठिकाणी अशी दोन टोकनं असतात. रोजच्या कामाचं टोकन काही मिनिटांत किंवा तासांत संपतं, आणि ते संपलं की नवं मागून आणायचं टोकन दिवसेंदिवस, कधी महिनोन्‌महिने चालतं. म्हणूनच आपल्याला रोज उठून पासवर्ड टाकावा लागत नाही.

टोकनबरोबर फोनमध्ये इतरही बरंच काही साठतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला आतून लिनक्सचा एक वेगळा वापरकर्ता मानलेलं असतं आणि त्याला स्वतःची खासगी जागा मिळते. एका ॲपने दुसऱ्याच्या जागेत डोकावू नये म्हणून ही भिंत आहे. नाव, मोबाइल नंबर, निवडलेली भाषा अशा किरकोळ नोंदी त्या जागेतल्या एका साध्या फाइलमध्ये राहतात. संदेश, व्यवहार, ऑर्डर हा मोठा ऐवज डेटाबेसमध्ये जातो. तो बहुतेक वेळा एस्क्यूलाइटचा असतो, रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला आणि आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असलेला. फोटो पुन्हा पुन्हा डाउनलोड करावे लागू नयेत म्हणून त्यांच्या प्रती कॅशेमध्ये पडून राहतात. ॲपच्या आत एखादं वेबपान उघडत असेल तर त्याच्या कुकी आणखी वेगळ्या खणात असतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अँड्रॉइडची भिंत दोन ॲपच्या मध्ये आहे. एकच ॲप पाठोपाठ वापरणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये ती नाही. थोरल्या बहिणीने लॉगआउट केलं आणि धाकट्याने लॉगिन केलं, तर ॲपच्या दृष्टीने जागा तीच, फाइल त्याच. तिथलं तिचं सामान उचलून ठेवायचं की नाही हे पूर्णपणे ॲप लिहिणाऱ्याच्या हातात असतं. त्याने फक्त टोकन पुसलं आणि डेटाबेस तसाच ठेवला, तर नव्या माणसाला जुन्या माणसाचा फोटो किंवा शोधलेले शब्द दिसू शकतात, औषधांच्या ऑर्डरसुद्धा दिसू शकतात. एखाद्या मुलीने स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घेतली होती हे घरात अशा रीतीने कळावं, यात तिचा काय दोष? सुरक्षित सॉफ्टवेअरसाठी काम करणारी ओवॅस्प ही संस्था मोबाइल ॲपच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. फोनमध्ये माहिती असुरक्षितपणे साठवणं हा धोका त्या यादीच्या २०१४, २०१६ आणि २०२४ या तिन्ही आवृत्त्यांत आहे.

आता सर्व्हरची बाजू. फोनमधलं टोकन पुसलं म्हणजे ते रद्द झालं असं नाही. कोणी त्याची नक्कल आधीच करून ठेवली असेल, तर मुदत संपेपर्यंत ती चालू शकते. टोकन रद्द करा असं सर्व्हरला सांगायची प्रमाण पद्धत २०१३ मध्ये ठरली, पण ॲपने ती वापरायला तर हवी. शिवाय जेडब्ल्यूटी नावाचा टोकनाचा लोकप्रिय प्रकार एक वेगळीच अडचण उभी करतो. त्याच्यावर सर्व्हरची डिजिटल सही असते आणि मुदत लिहिलेली असते, त्यामुळे ते तपासायला कुठल्याही नोंदवहीत पाहावं लागत नाही. फोटो नसलेला एसटीचा मासिक पास जसा असावा, तसं हे टोकन असतं. कंडक्टर शिक्का आणि तारीख पाहतो, आगाराला फोन करत नाही, आणि पास ज्याच्या हातात त्याला गाडीत बसू देतो. असा पास मधेच रद्द करायचा तर रद्द पासांची यादी प्रत्येक कंडक्टरकडे असावी लागेल. म्हणून जाणते लोक रोजच्या टोकनाची मुदत अगदी थोडी ठेवतात आणि नवं टोकन मिळवून देणाऱ्या दीर्घ मुदतीच्या टोकनाची नोंद सर्व्हरवर ठेवतात. लॉगआउटच्या वेळी ती नोंद खोडली की पुढचं टोकन मिळत नाही.

यापेक्षाही सहज नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे नोटिफिकेशन. गूगलच्या सेवेतून येणाऱ्या सूचना फोनपर्यंत पोचाव्यात म्हणून ॲपला एक वेगळं टोकन मिळतं, आणि ते त्या फोनवरच्या त्या ॲपचं असतं, माणसाचं नसतं. लॉगिन करताना कंपनीचा सर्व्हर लिहून ठेवतो, की अमक्या ग्राहकाच्या सूचना अमक्या पत्त्यावर पाठवायच्या. लॉगआउट करताना ती नोंद काढली नाही, तर लॉगआउट झालेल्या बाईंच्या कर्जाच्या हप्त्याची आठवण त्या फोनच्या पडद्यावर येत राहील, मग फोन आता कोणाच्याही हातात असो. कुलूप लावलेल्या पडद्यावरही सूचना दिसते, त्यामुळे ती वाचायला पिन लागतोच असं नाही. फोन विकल्यावर महिन्याभरानेही असं होऊ शकतं, कारण चूक फोनमध्ये नसून सर्व्हरवरच्या एका ओळीत असते.

ॲप चालू असताना फोनच्या तात्पुरत्या स्मृतीतही माहिती असते, आणि फाइल पुसल्या तरी ती जागची हलत नाही. प्रोग्राम लिहिणारे सोयीसाठी ‘सध्याचा ग्राहक’ अशी एक वस्तू स्मृतीत धरून ठेवतात आणि प्रत्येक पडदा तिच्याकडून नाव विचारतो. लॉगआउटमध्ये ती रिकामी करायची राहिली, तर नवा माणूस आत आल्यावर काही पडद्यांवर जुनंच नाव येतं. मागे जायचं बटण दाबल्यावर लॉगआउटपूर्वीचा पडदा परत उघडतो, हा त्याच जातीचा दोष. जुने पडदे रांगेत तसेच उभे असतात, ते बंद करायला कोणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यांत चिवट दोष असतो वेळेचा. समजा, पाठीमागे संदेश आणायचं काम चालू आहे आणि त्याच क्षणी लॉगआउट दाबलं. ॲपने डेटाबेस रिकामा केला. अर्ध्या सेकंदाने सर्व्हरचं उत्तर आलं आणि पाठीमागच्या त्या कामाने जुन्या माणसाचे संदेश नुकत्याच पुसलेल्या डेटाबेसमध्ये इमानेइतबारे लिहून ठेवले. चाचणी करणाऱ्याला हे शंभरात एकदा दिसतं, तेही नेट मंद असताना, म्हणून ते सुटतं. उपाय क्रमात आहे. आधी चालू कामं थांबवायची, ती खरोखर थांबली याची खात्री करायची आणि मगच पुसायला घ्यायचं. किरकोळ नोंदींच्या फाइलचंही असंच आहे. अँड्रॉइडमध्ये तिच्यातला बदल नोंदवायचे दोन मार्ग आहेत. एक डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबतो. दुसरा स्मृतीत लगेच बदल करतो आणि डिस्कवरचं काम मागाहून उरकतो. दुसरा वापरून लगेच ॲप बंद पाडलं, तर पुसलेली नोंद पुढच्या वेळी जिवंत होऊन परत येण्याची शक्यता उरते.

एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या पुढ्यात येण्याचा हा प्रकार मोबाइलपेक्षा कितीतरी जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची यंत्रणा दाखवली. प्रत्येकाच्या फाइल खासगी राहाव्यात म्हणून त्यांनी पासवर्ड आणले. त्याच यंत्रणेवर १९६० च्या दशकाच्या मध्यात एक दिवस असा आला, की लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून येऊ लागली. मजकूर संपादित करायचा प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव द्यायचा. दोन व्यवस्थापक एकाच वेळी, एक स्वागताच्या निरोपावर आणि दुसरा पासवर्डच्या यादीवर काम करत होते, आणि दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली. तात्पुरत्या फाइलच्या नावात ती कोणाची हेही आलं असतं, तर हे टळलं असतं. आजच्या ॲपलाही हाच नियम लागू पडतो. प्रत्येक ग्राहकाचा डेटाबेस त्याच्या स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला, तर लॉगआउटमध्ये एखादी गोष्ट पुसायची राहिली तरी ती निदान दुसऱ्याच्या पडद्यावर येत नाही.

पुसणं म्हणजे तरी काय, हेही सरळ नाही. मूळ एस्क्यूलाइटमध्ये ओळ काढून टाकली की ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवली जाते. तिच्यातली अक्षरं तिथेच असतात, नवं काही वर लिहिलं जाईपर्यंत. त्या जागी शून्यं भरायची सोय आहे, पण ती चालू केलेली असावी लागते. त्याखालच्या थरात आणखी गुंता आहे. फोनमधली फ्लॅश स्मृती ठरावीक वेळाच लिहून घेऊ शकते, म्हणून तिचा नियंत्रक नवं लिखाण जुन्या जागी न करता दुसरीकडे करतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटतो. तुम्ही शून्यं भरलीत असं ॲपला वाटतं, पण जुनी प्रत चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात काही काळ शाबूत असू शकते.

यावरचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. माहिती सुरुवातीपासूनच सांकेतिक रूपात ठेवायची, आणि तिची किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअर नावाच्या राखीव जागेत ठेवायची. चांगल्या फोनमध्ये ही जागा हार्डवेअरनेच वेगळी केलेली असते. लॉगआउट झालं की ती छोटीशी किल्ली नष्ट करायची. डेटाबेसचे कितीही तुकडे कुठेही पडलेले असोत, किल्लीशिवाय तो नुसता कचरा. संपूर्ण फोन रिसेट करताना, ज्याला आपण फॉरमॅट मारणं म्हणतो, हेच तत्त्व कामी येतं. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना साठवणूक सांकेतिक ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून आजचा फोन रिसेट केल्यावर आधीचं काही परत मिळवणं फार कठीण असतं.

हा सगळा गुंता टाळायला एक हुकमी मार्ग आहे, आणि बरेच विकसक त्याच्याकडे वळतात. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून ॲपला स्वतःची सगळी माहिती एका आदेशात पुसता येते. सेटिंगमध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ दाबल्यावर जे होतं तेच. डेटाबेस, नोंदी, कॅशे सगळं जातं, शिवाय कॅमेरा, लोकेशन यांच्या परवानग्याही जातात. अडचण अशी, की आदेश पाळताना यंत्रणा ॲपच बंद करते. लॉगआउट दाबलं आणि ॲप डोळ्यांसमोरून नाहीसं झालं, तर माणूस गोंधळतो. भाषा मराठी ठेवली होती तीही परत इंग्रजी होते. आणि सर्व्हरवरची टोकनं किंवा सूचनांचा पत्ता यांच्यापर्यंत या आदेशाचा हात पोचतच नाही. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या ॲपसाठी हा मार्ग मला योग्य वाटतो, सर्व्हरची कामं आधी उरकलेली असतील तर. बातम्यांच्या ॲपसाठी तो जरा जास्तच होतो.

जास्त पुसण्यातही नुकसान असतं. दुर्गम पाड्यांवर फिरून माहिती गोळा करणाऱ्या आशाताईंचा विचार करा. तिथे रेंज नाही. भरलेले फॉर्म फोनमध्येच साठत जातात आणि रेंजमध्ये आल्यावर सर्व्हरवर चढतात. मधेच त्यांनी लॉगआउट केलं आणि ॲपने प्रामाणिकपणे सगळं पुसलं, तर दिवसभराची पायपीट गेली. अशा ॲपने न चढलेले फॉर्म आहेत का ते आधी पाहायला हवं, ते चढवायचा प्रयत्न करायला हवा आणि जमलं नाही तर स्वच्छ मराठीत विचारायला हवं, की अजून इतके फॉर्म पाठवायचे राहिलेत, काय करू? टेलिग्रामवर लॉगआउट केलं की गुप्त संभाषणं कायमची जातात. ती फक्त त्या फोनवरच असतात, त्यामुळे ते बरोबरच आहे, फक्त माणसाला ते आधी माहीत असायला हवं.

नेटच नसेल तर? सर्व्हरला कळवता आलं नाही म्हणून काही ॲप लॉगआउटच नाकारतात, आणि हे मला अजिबात पटत नाही. फोन दुसऱ्याच्या हातात देण्याची निकड नेट येण्याची वाट पाहत नाही. स्थानिक माहिती लगेच पुसावी आणि टोकन रद्द करायचं काम तेवढं बाकी ठेवून नेट आल्यावर पुरं करावं.

अनेकांना वाटतं, ॲपच काढून टाकलं की प्रश्न मिटला. अँड्रॉइडवर ॲपची खासगी जागा त्याबरोबर जाते, हे खरं. पण २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲपच्या माहितीचा २५ एमबीपर्यंतचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर आपोआप जाऊ शकतो, आणि त्याच खात्यावर ॲप पुन्हा टाकल्यावर जुन्या नोंदी परत येतात. टोकन अशा बॅकअपमध्ये जाऊ नये ही काळजी विकसकाने घ्यायची असते. आयफोनवर पासवर्ड आणि टोकनं किचेन नावाच्या जागेत असतात, आणि ॲप काढून टाकलं तरी तिथली नोंद सहसा टिकून राहते. म्हणून जाणकार विकसक ॲप पहिल्यांदा उघडताच जुन्या नोंदी आहेत का ते पाहून त्या पुसतात. डाउनलोड फोल्डरमध्ये उतरवलेलं बँकेचं पीडीएफ स्टेटमेंट दोन्हीकडे ॲपच्या हाताबाहेर असतं. ते आपणच शोधून काढायचं.

खातं बंद करणं ही आणखी वेगळी गोष्ट. लॉगआउटने कंपनीकडची तुमची माहिती जात नाही, आणि जाऊही नये, कारण तुम्ही उद्या परत येणार असता. ती कायमची काढायची तर खातं रद्द करावं लागतं. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं तिथेच ते रद्द करायची सोय द्या, असं ॲपलने ३० जून २०२२ पासून बंधनकारक केलं, आणि गूगलनेही पुढे तसा नियम आणला. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला होता.

फोन दुसऱ्याला देताना काय करावं, तर नेट चालू ठेवून आधी प्रत्येक महत्त्वाच्या ॲपमधून लॉगआउट करावं, म्हणजे सर्व्हरलाही कळतं. फोन घरातच राहणार असेल तर त्यानंतर सेटिंगमध्ये त्या ॲपचा डेटा क्लिअर करावा. तिथे ‘क्लिअर कॅशे’ असं दुसरं बटणही असतं, त्याने नुसत्या तात्पुरत्या फाइल जातात, बाकी सगळं राहतं. फोन घराबाहेर जाणार असेल तर गूगल खातं काढून पूर्ण रिसेट मारावा. फोन हरवलाच असेल, तर ईमेल आणि अनेक मोठ्या सेवांमध्ये ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ अशी सोय असते, ती दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून वापरता येते. व्हॉट्सॲपला जोडलेला सायबर कॅफेतला संगणकही मुख्य फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या यादीतून काढता येतो. मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक वापरलाच नाही, तर तो आपोआप सुटतो, पण चौदा दिवस म्हणजे दुसऱ्याचे निरोप वाचायला भरपूर वेळ झाला, तेव्हा ती यादी आजच उघडून पाहावी.